मागाचा धोटा आणि त्यातली सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजीत आमचे आठ साधे यंत्रमाग आहेत. वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणारे, मीही खर्चीवाला. मध्ये तीन वर्षं टेक्स्टाइल डिप्लोमा केला, त्यामुळे शेजारपाजारचे लोक मागाबद्दल काही अडलं की मला विचारतात. डिझाइनचं शिक्षण घेणारी मुलं प्रोजेक्टसाठी येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "धोट्याचं डिझाइन सुधारता येईल का?" त्यांना तोंडी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

धोटा नेमकं काय काम करतो?

ताण्याचे उभे धागे वईमुळे, म्हणजे ते ओवलेल्या चौकटीमुळे, वर-खाली होतात आणि मध्ये फट उघडते, तिला आपण शेड म्हणतो. त्या फटीतून बाण्याचा आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत नेऊन ठेवायचा, एवढंच धोट्याचं काम. धोट्याच्या पोटात कांडी असते, कांडीवर सूत. धोटा पळतो तसा धागा मागे सुटत जातो, मग फणी येऊन तो ठोकून बसवते. हा झाला एक पिक. आमच्याकडे मजुरीसुद्धा पिकावर ठरते, तेव्हा धोट्याच्या एका फेरीला किंमत आहे.

मग यात सुधारायचं काय? लाकडाचा तुकडा तर आहे!

जरा हिशेब करू. 30 काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) सूत घ्या. एक मीटर सुताचं वजन साधारण 0.02 ग्रॅम भरतं. पन्ह्यात एका पिकाला सव्वा मीटर धागा लागला तर त्याचं वजन 25 मिलिग्रॅमच्या आसपास. तो नेण्यासाठी आपण 400 ग्रॅमचा धोटा फेकतो. म्हणजे पोचवायच्या मालापेक्षा गाडी सोळा हजार पट जड. वर ती गाडी प्रत्येक फेरीला शून्यातून पळवायची आणि पलीकडे मागाच्या टोकाच्या पेटीत आपटून थांबवायची.

मिनिटाला 140 पिक धरले तर एका पिकाला 0.43 सेकंद मिळतात. त्यातला एक तृतीयांश वेळ धोट्याच्या प्रवासाला. तेवढ्यात त्याला पन्हा आणि स्वतःची लांबी धरून दीड-पावणेदोन मीटर जायचं असतं. वेग निघतो सेकंदाला सुमारे 11 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटर. दर फेरीला साधारण 24 ज्यूल ऊर्जा धोट्यात भरायची आणि लगेच पेटीच्या घर्षणात, धोट्याला फटका मारणाऱ्या पिकरच्या चामड्यात, आवाजात घालवायची. मागाचा सगळा खडखडाट याच उधळपट्टीचा आहे.

गेल्या तीनशे वर्षांत धोट्यात जे काही बदल झाले, ते फिरून याच दुखण्याशी येतात. कोणी वजन कमी केलं, कोणी कांडी बदलण्याचा वेळ वाचवला, शेवटी काहींनी कांडीच धोट्यातून बाहेर काढली.

माग जोरात चालवला तर उत्पादन वाढेल ना? त्यासाठी कसला धोटा घ्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर कोणाला आवडत नाही. वेग वाढला की धोट्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि मिनिटाला फेऱ्याही वाढतात. म्हणून धोटा फेकण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. 140 वरून 160 वर जा: उत्पादन 14 टक्क्यांनी वाढलं, पण पिकिंगला लागणारी ताकद जवळजवळ 50 टक्क्यांनी. पिकिंग स्टिक (पिकरला झटका देणारी काठी), पिकर, पट्टे, धोट्याची टोकं सगळं त्याच हिशेबाने झिजतं. आमच्या एका मागावर मी हौसेने पुली बदलून बघितली होती. दोन महिन्यांत जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, हात जोडले, पुली परत बदलली.

हलका धोटा घेतला तर थोडी सवलत मिळते, पण फार हलका धोटा ताण्याच्या धाग्यांना घासून वाट सोडतो. पेटीत शिरताना त्याला थोपवणारी पट्टीही नीट दाबत नाही, आपटून मागे उडतो. सुती मालाला 400 ग्रॅमच्या आसपासचं वजन उगाच रूढ झालेलं नाही.

धावता धोटा कोणी काढला? त्याआधी काय होतं?

त्याआधी विणकर धोटा एका हाताने टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. कापडाचा पन्हा माणसाच्या हातांच्या पल्ल्याइतकाच. जास्त रुंद कापडाला दोन माणसं बसवावी लागत. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या बरी गावच्या जॉन के याने 1733 मध्ये पेटंट घेतलं. फणीच्या पुढे धोट्याला पळायला सपाट पाटी, दोन्ही टोकांना पेट्या, आणि दोरी ओढली की पिकर धोट्याला फटका मारणार. धोट्याखाली चाकंही होती. पुढे त्याचा मुलगा रॉबर्ट याने वर-खाली सरकणाऱ्या पेट्या आणल्या, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांचे धोटे आळीपाळीने वापरता आले. आजही चौकडीचं कापड साध्या मागावर याच पद्धतीने निघतं.

के याची शोकांतिका अशी की गिरणीवाल्यांनी धोटा उचलला आणि स्वामित्वाचे पैसे बुडवले. वर एकत्र येऊन कोर्टकचेऱ्यांचा खर्च वाटून घ्यायला मंडळ काढलं. तो वैतागून फ्रान्सला गेला.

बघा, यात धोट्याचा आकार फार बदलला नाही. बदलली ती धोटा हलवण्याची रीत. प्रोजेक्टवाल्या मुलांना मी हेच सांगतो: फक्त धोटा घेऊन बसू नका, पेटी, पाटी आणि फणीही टेबलावर घ्या.

धोट्याच्या "डोळ्या"ला एवढं महत्त्व का देतात?

कांडीवरचा धागा धोट्याच्या कडेला असलेल्या भोकातून बाहेर येतो, तो डोळा. साधारण चिनी मातीचा, म्हणजे सूत घासून त्यात खाच पडत नाही. डोळा एका बाजूलाच असतो. म्हणून धोटा मागवताना डाव्या डोळ्याचा की उजव्या, हे सांगावं लागतं. न सांगता मागवला तर परत पाठवायचं गाडीभाडं आपल्याच अंगावर.

पण या भोकाचा इतिहास त्याच्या आकारापेक्षा खूप मोठा आहे. नवी कांडी घातली की धागा आतून डोळ्याबाहेर काढायचा कसा? बोट जात नाही, सुई शोधायला वेळ नाही. कामगार डोळ्याला तोंड लावून जोरात श्वास ओढत, धागा तोंडात येई. लँकेशायरमध्ये याला धोट्याचं चुंबन म्हणत. दिवसातून शेकडो वेळा, तोच धोटा अनेकांच्या तोंडी. कापसाचा कचरा, तेल, रंग सगळं फुप्फुसात. क्षय पसरण्याच्या भीतीने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये ही पद्धत बंद केली. लँकेशायरमध्ये बंदी यायला 1952 साल उजाडलं.

आणि मुंबईत? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे घेत नसत. कारण हेच सांगितलं जाई: धागा तोंडाने ओढावा लागतो, धोट्याला उष्टं लागतं, मग इतरांना विटाळ. ते लोक सूतकताई खात्यात, कमी पगारावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपाच्या काळात हा मुद्दा लावून धरला की संप सगळ्यांचा असेल तर विणकाम खात्याचं दारही सगळ्यांना उघडं हवं. भेद मनात होता, धोट्यात नव्हता, हे खरंच. पण त्याला निमित्त पुरवत होतं ते एक भोक. भोकापर्यंत चीर ठेवली की धागा वरून सरकवता येतो, तोंड लावावंच लागत नाही. असे धोटे तेव्हा माहीत होते. कॉलेजात आम्हाला धोट्याच्या डोळ्याची आकृती काढायला लावली, त्याला पाच मार्क होते. हे मात्र कोणी शिकवलं नाही.

ऑटो मागाचा धोटा आणि साध्या मागाचा धोटा यांत फरक काय?

साध्या मागाच्या धोट्यात बिजागरीवर उभी होणारी सळई असते. ती वर उचलायची, रिकामी कांडी काढायची, भरलेली खोचायची, सळई खाली. तोवर माग बंद. 20 ग्रॅम सुताची कांडी 30 काउंटमध्ये साधारण 800 पिक देते, म्हणजे 140 च्या वेगाला सहा मिनिटंसुद्धा पुरत नाही. आठ माग सांभाळणारा माणूस पाळीभर धोट्यासारख्याच येरझाऱ्या घालतो, ते यामुळे.

जेम्स नॉर्थ्रप मूळचा इंग्लंडचा, पण काम केलं अमेरिकेतल्या होपडेल गावी, ड्रेपर कंपनीत. 1894 पासून त्याचा माग विकला जाऊ लागला. त्यात कांडीच्या बुडाला धातूच्या कड्या आणि धोट्यात चिमट्यासारखी पकड. धोट्याचं पोट खालूनही उघडं. सूत संपत आलं की वरून नवी कांडी ठोकली जाते, जुनी खालून गळून पडते, माग चालूच. धागा आपोआप डोळ्यात जाण्याचीही सोय त्याच धोट्यात होती, कारण माग चालू असताना ओवायला बसणार कोण?

जपानच्या साकिची टोयोडांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या 1924 च्या जी प्रकारच्या मागात कांडीऐवजी अख्खा धोटाच बदलतो, तोही वेग कमी न करता. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचींचा मुलगा किइचिरो पुढे मोटारींच्या धंद्यात उतरला. रस्त्यावर टोयोटा दिसली की आमचे जॉबर म्हणतात, "ही धोट्याची नात."

धोटा कोणत्या लाकडाचा चांगला?

कठीण, बारीक पोताचं, गुळगुळीत होणारं आणि फटक्याने न चिरणारं. अमेरिकेत पर्सिमन आणि डॉगवूड ही लाकडं नावाजलेली. पर्सिमन हे आपल्या तेंदूच्याच कुळातलं झाड. विदर्भात ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, त्याचा हा परदेशी भाऊ. आता बाजारात बरेचसे धोटे दाबलेल्या लाकडाचे येतात: पातळ थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन एक केलेले. ते पावसाळ्यात फुगत नाहीत आणि सगळे एका वजनाचे निघतात. माझं मत विचाराल तर हेच घ्या.

अखंड लाकडाचा धोटा आणलात तर लगेच मागावर चढवू नका. जवसाच्या तेलात मुरवून वाळू द्या. वडील धोटे डब्यात तेलात बुडवून ठेवायचे, घरभर तो वास असायचा.

माझा धोटा सारखा उडतो. धोटाच खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. उडालेला धोटा माणसाच्या डोळ्यावर, छातीवर बसतो, म्हणून हे गमतीवारी नेऊ नका. आधी मागावर धोट्याची जाळी आहे का ते बघा. कारखान्यांच्या नियमांत ती सक्तीची आहे, आणि कित्येक कारखान्यांत ती काढून कोपऱ्यात टाकलेली असते कारण "मध्ये मध्ये येते".

मग कारणं. पिकरला पडलेला खड्डा धोट्याच्या टोकाशी जुळत नसेल तर धोटा पहिल्या फटक्यालाच तिरका निघतो. शेड उशिरा उघडत असेल किंवा ताण्याचा एखादा धागा तुटून लोंबत असेल तर धोटा त्यावर चढतो. पाटी झिजून मध्ये खोलगट झाली असेल, किंवा फणी आणि पेटीची मागची भिंत एका रेषेत नसेल, तरीही तेच.

धोट्याच्या डिझाइनचा संबंध येतो तो कोनापाशी. फणी आणि पाटी यांच्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा कमी असतो, साधारण 86–87 अंश. धोट्याची मागची बाजू आणि तळ यांच्यातला कोन तेवढाच हवा, तरच धोटा फणीला टेकून सरळ पळतो. कोन चुकला की तो एका काठावर डुलतो. नवा धोटा आणला की पत्र्याचा तुकडा कापून मागाचा कोन त्यावर उतरवा आणि धोट्याला लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. एकदा एका दुकानदाराने मला "सगळ्या मागांना चालतो" म्हणून डझनभर धोटे दिले, त्यातले सात माझ्या एकाही मागाला बसले नाहीत.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. पिकर जिथे ढकलतो ती रेषा धोट्याच्या गुरुत्वमध्यातून जायला हवी, नाहीतर धोट्याचं शेपूट फिरतं. कांडी रिकामी होते तसा धोटा 20–30 ग्रॅमने हलका होतो आणि गुरुत्वमध्यही सरकतो. त्यामुळे भरल्या कांडीला नीट चालणारा धोटा शेवटी शेवटी कुरबुर करतो. चांगला धोटा बनवणारा पोटातली पोकळी अशी कोरतो की हा फरक दोन्हीकडे वाटला जाईल.

कापडाच्या काठाला धागा सैल राहतो किंवा काठ ओढला जातो. धोट्यात काय बदलावं?

धोट्याच्या आतलं अस्तर. कांडीवरून सूत सुटताना त्याचा फुगा होतो. कांडी भरलेली असताना ताण कमी, बुडाशी आली की जास्त. पूर्वी आत सशाची लव चिकटवायचे, आता नायलॉनचे आकडे किंवा ब्रश. धागा त्यातून घासत येतो, त्यामुळे ताण एकसारखा राहतो आणि धोटा थांबल्यावर धागा सैल पडत नाही. हे अस्तर झिजतं आणि ते कोणी बघत नाही. माल नापास झाला की दोष सुताला, सायझिंगला (ताण्याला खळ लावण्याला), कांडी भरणाऱ्या बाईला. आधी धोट्यात बोट घालून बघा.

बाहेरच्या भिंतीवर डोळ्यापासून निघालेली खाच असते, तीही तपासा. पेटीत शिरताना धागा त्या खाचेत लपतो, नाहीतर भिंतीत चिरडून तुटतो.

एका मागावर दोन-चार धोटे असतील तर?

वजन जुळवा. घरचा स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो. काही ग्रॅमचाही फरक असला तर एक धोटा पेटीत आपटतो आणि दुसरा अर्ध्यावर राहतो. मग पिकिंग कोणाच्या मापाने लावणार? नवा आणि जुना धोटा एका मागावर जोडीला लावू नका.

हातमागावर, विशेषतः पैठणीला, सुधारित धोटा वापरता येईल का?

कापडाच्या अंगाला येईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधले अभियंता डी. सी. चर्चिल यांनी धावत्या धोट्याचा सुधारित हातमाग तयार केला होता, तो त्या काळी बराच गाजला. पण पैठणीचा पदर धोट्याने विणलाच जात नाही. मोराचा निळा, पोपटाचा हिरवा, प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी विणकर हाताने आपापल्या जागेपुरती फिरवतो. आणि कडियल काठ असेल तर तीन धोटे लागतात: दोन काठांना दोन, अंगाला एक. ते एकमेकांत अडकवत जायचं असतं, म्हणून फटका मारून एका दमात पलीकडे नेणारी युक्ती तिथे निरुपयोगी. येवल्यात कोणाला "ऑटोमॅटिक धोटा" विकायला जाऊ नका.

3डी प्रिंटरवर धोटा छापला तर?

हाताने टाकायच्या धोट्याला चालेल, छान हलका होतो. यंत्रमागावर नको. छापील वस्तू थराथराची असते, मिनिटाला 140 फटके बसले की थर सुटतात. आकार तपासायला नमुना म्हणून छापा, नंतर लाकडात करा.

विजेने किंवा चुंबकाने धोटा पळवता येणार नाही का?

ही कल्पना जुनी आहे. एरिक लेथवेट यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरमध्ये सरळ रेषेत चालणाऱ्या विद्युत मोटरवर काम सुरू केलं, त्यामागे मागाचा धोटा पळवण्याचा विचार होता. पुढे त्यांचं नाव झालं ते चुंबकावर तरंगणाऱ्या गाड्यांमुळे. धोटा राहिला तिथेच. चुंबकाने ढकललात तरी 400 ग्रॅम थांबवायचे आहेतच.

मग बिनधोट्याच्या मागांनी प्रश्न सुटला?

बराचसा. स्वित्झर्लंडच्या सुलझर कंपनीने 1953 पासून विकलेल्या मागात धोट्याऐवजी 9 सेंटिमीटर लांब, 40 ग्रॅमची पोलादी गोळी धागा चिमटीत धरून पळते. सूत बाहेर शंकूच्या आकाराच्या रिळावर, गोळीत कांडीच नाही. वजन एकदम दहा पट कमी! रॅपियर मागात पट्टी धागा नेते, एअरजेट मागात हवेचा झोत. आमच्याकडे जुने सुलझर आले तेव्हा लोक बघायला जायचे.

पण धोटा गेला नाही. धागा काठाशी वळून परत येतो, त्यामुळे धोट्याच्या कापडाला बंद काठ मिळतो. जाड डेनिमचे शौकीन त्यासाठीच जास्त पैसे मोजतात, आणि जपानमध्ये टोयोडाचे जुने धोट्याचे माग त्यासाठी जपून चालवले जातात. दुसरीकडे, सिमेंटची प्लॅस्टिक पोती विणणारे गोल माग बघा. त्यात चार, सहा किंवा आठ धोटे एकाच दिशेने गोल फिरत राहतात. फटका नाही, थांबणं नाही, म्हणून ऊर्जेची ती उधळपट्टीही नाही. धोट्यातली सगळ्यात हुशार सुधारणा मला हीच वाटते, आणि ती कोणी कौतुकाने बघत नाही कारण ती पोत्यात आहे.

साध्या मागावर आज सर्वांत कमी खर्चात काय सुधारता येईल?

पिकर वेळेवर बदला. धोट्याची टोकं बारीक पॉलिश पेपरने साफ ठेवा, पण घासून टोकाचा आकार बदलू नका. अस्तर नवं घाला. धोट्यांवर नंबर घाला, कोणता कोणत्या मागाचा ते वहीत लिहा. हे करायला लागल्यापासून आमच्याकडे पाळी बदलताना धोट्यांवरून होणारी भांडणं तरी बंद झाली.

जुन्या, झिजलेल्या धोट्यांचं काय करावं?

मागावर परत चढवू नका, एवढंच. आमच्याकडे एकाला टाचण्या ठेवल्या आहेत, एक आईने देव्हाऱ्याशेजारी उदबत्त्यांसाठी घेतला. तेलाचा वास अजून येतो त्याला.